इंदुरात नव्याने आलेल्यांसाठी : भाज्यांचे वाळवण

कोकणातून किंवा मुंबईकडून येणाऱ्या घरांत वाळवण म्हणजे चैत्र-वैशाखाचे काम, अशी सवय असते. सत्तावीस वर्षांपूर्वी ठाण्याहून आले तेव्हा मीही मे महिन्याची वाट पाहत राहिले आणि तोपर्यंत कोवळी मेथी व बटला बाजारातून दिसेनासा झाला. (मटाराला येथे बटला म्हणतात आणि कैरीला केरी.)

म्हणून इंदुरात वाळवणाचे दोन हंगाम धरावेत. पौष-माघात चोइथराम मंडीत मेथी स्वस्त मिळते. तेव्हाचे ऊन सौम्य असले तरी हवा कोरडी असते, आणि मेथीला तेच मानवते. पाने खुडून, धुऊन, पूर्ण निथळून सुती कापडावर सावलीत पण वाऱ्यावर पसरावीत, कारण कडक उन्हात रंग आणि वास दोन्ही उडतात. दव पडते, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी कापड आत घ्यावे. बटला मात्र उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढावा आणि मगच वाळवावा. कच्चाच वाळवला तर त्याचा रंग आणि चव साठवणीतही बिघडत राहते.

गवार, कारल्याच्या चकत्या आणि केरीच्या फोडी मे महिन्यात गच्चीवर घालाव्यात. जूनच्या मध्याला पाऊस येतो, तेव्हा मेअखेर सारे बरणीत गेलेले बरे.

खरी काळजी साठवणीची. पहिल्या वर्षी मी गवार उन्हातून उचलून गरम असतानाच बरणीत भरली. आत वाफ धरली आणि श्रावणात बरणी उघडली तेव्हा सगळ्या शेंगांवर बुरशी होती. शेंग वाकली तर ती ओली आहे, कट्‌कन मोडली तरच वाळली असे समजावे. वाळलेली भाजी गार करून आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवावी आणि रोज हलवून पाहावी. काचेवर ओल दिसली किंवा तुकडे एकमेकांना चिकटले, तर पुन्हा ऊन दाखवावे. बुरशी दिसली तर वरचे झटकून उरलेले वापरू नये, सगळे टाकून द्यावे. एका मोठ्या बरणीऐवजी चार लहान बरण्या भराव्यात, कारण पावसाळ्यात झाकण उघडले की दर वेळी दमट हवा आत शिरते.