पेठेतल्या रेडिओच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भरणारा संगीत महोत्सवही त्याच वर्षापासूनचा. मंडपात जाऊन गाणे ऐकणे ज्यांना जमत नव्हते, त्यांच्या घरी ते या केंद्रामुळे आले. कोणता कार्यक्रम केव्हा प्रसारित झाला हे दप्तरात सापडू शकेल, परंतु तो कोणी, कोणाच्या घरी बसून ऐकला आणि त्यातून शेजारपाजारचे कसे जोडले गेले, हे केवळ श्रोत्यांनाच ठाऊक आहे. १९५५ साली दहा वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि ज्या वाड्यांत ती वाढली त्यांतले बरेचसे पाडले गेले आहेत. म्हणून या आठवणी नोंदवण्याचे काम पुढल्या वर्षावर टाकू नये.

सुरुवात एकाच वाड्यापासून किंवा एकाच आळीपासून करावी. संपूर्ण शहराचा इतिहास लिहायला बसल्यास हाती फक्त सर्वांना माहीत असलेली नावे लागतात. मुलाखतीत ‘रेडिओच्या काही आठवणी सांगा’ असे विचारू नये, कारण त्याला उत्तर ठरलेले मिळते: ‘फार छान दिवस होते ते.’ त्याऐवजी वस्तूंबद्दल विचारावे. रेडिओ कोणत्या खोलीत, कोणत्या फळीवर होता? जाळीची एरियल कोठून कोठपर्यंत ताणली होती? व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, तापून आवाज येईपर्यंत घरातले काय करीत? बटणाला हात लावण्याची मुभा कोणाला होती, आणि शेजारच्या बायका ऐकायला आल्या तर त्या आत येऊन बसत की उंबऱ्याशीच थांबत? या शेवटच्या प्रश्नावर मी नेहमी जास्त वेळ थांबतो, कारण वाड्यातले मान, नाते आणि अंतर त्याच्या उत्तरात आपोआप उलगडत जाते. त्या काळी रेडिओ बाळगण्यासाठी टपाल खात्याकडून परवाना घ्यावा लागे व दरवर्षी शुल्क भरावे लागे. परवान्याचे जुने पुस्तक ट्रंकेत सापडले, तर रेडिओ घरात कधी आला आणि कोणाच्या नावावर होता याचा लेखी पुरावाच मिळतो.

आठवण खरी असली तरी तिचे साल बहुधा सरकलेले असते, त्यामुळे तारखांचा पडताळा हा या कामाचा गाभा आहे. पुण्यात यासाठी सर्वांत उपयोगी पडते ते गीतरामायण. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही मालिका पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, सुरू झाली आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला संपली. दर शुक्रवारी सकाळी नवे गीत लागे, आणि तेच शनिवारी व रविवारी सकाळी पुन्हा ऐकवले जाई. वर्षाच्या बावन्न आठवड्यांसाठी योजलेली ही मालिका त्या वर्षी अधिक मास आल्याने छप्पन्न गीतांची झाली. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे असे अनेक गायक होते. एखाद्या आजींना सारी गीते केवळ फडक्यांच्याच आवाजात आठवत असतील, तर त्यांची आठवण बहुधा नंतरच्या ध्वनिमुद्रिकांची किंवा रंगमंचावरील कार्यक्रमांची असते. अशा वेळी त्यांना चूक दाखवू नये. ‘तेव्हा आपण कोणत्या इयत्तेत होतात?’ किंवा ‘घरात कोणाचे लग्न झाले होते का?’ असे विचारले की साल आपोआप जागेवर येते.

याच रीतीने इतर खुणाही वापराव्यात. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके संवादिनीला, म्हणजे पेटीला, मज्जाव केला होता, म्हणून साठच्या दशकातील शास्त्रीय गायनाच्या आठवणीत पेटी आली की थांबून चौकशी करावी. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, आणि तिच्यावर जाहिराती नोव्हेंबर १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर येथून आल्या. त्यामुळे विविध भारतीवरील जाहिरातीची धून आठवणारी व्यक्ती त्यानंतरच्या काळाबद्दल बोलत असते. १२ जुलै १९६१ हा पानशेतच्या पुराचा दिवस जुन्या पुणेकरांच्या मनात पक्का कोरलेला आहे. ‘पुराच्या आधी की नंतर?’ एवढा प्रश्नही पुष्कळदा पुरतो.

यानंतर कागद पाहावेत. जुन्या दैनिकांत रेडिओचे कार्यक्रम छापले जात. १९३२ पासून निघणारा ‘सकाळ’, त्याहून जुना ‘केसरी’ आणि १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर यांपासून शोध सुरू करता येईल.

घरच्या ध्वनिफितींबाबत घाई अजिबात करू नये. कॅसेटच्या मागच्या कडेवरील दोन्ही प्लास्टिकच्या खुंट्या प्रथम तोडाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. फीत वाजवण्यापूर्वी ती एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे फिरवून घ्यावी आणि यंत्राचे हेड, म्हणजे फितीला टेकून आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. फितीवर पांढरी बुरशी दिसल्यास ती वाजवू नये, जाणकाराकडे द्यावी. मी एकदा उत्सुकतेपोटी अशी फीत लावली आणि एका कुटुंबाकडचा एकमेव आवाज खराब केला. त्याची खंत अजून आहे. फितीचे डिजिटल रूपांतर ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या मापाने, वेव्ह (WAV) स्वरूपात करावे. स्टीरिओत तासाला साधारण एक गीगाबाइट जागा लागते. दोन प्रती निरनिराळ्या घरांत ठेवाव्यात.

प्रसारणातून उतरवलेले गाणे इंटरनेटवर टाकण्याचा मोह आवरावा. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क भारतात साठ वर्षांचा असतो आणि प्रसारणाचा वेगळा हक्क पंचवीस वर्षांचा. मुलाखतीसाठीही बोलणाऱ्याची लेखी संमती लागते. ती मिळाली असेल, तर हा ठेवा पुण्यातल्या सामुदायिक रेडिओकडे न्यावा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. सामुदायिक केंद्रांच्या कार्यक्रमांपैकी निम्मे तरी स्थानिक असावे लागतात, त्यामुळे एका वाड्याच्या आठवणींवर बेतलेला पंधरा मिनिटांचा कार्यक्रम तिथे शोभून दिसेल.

मात्र प्रसारणापूर्वी पूर्ण मुद्रण सांगणाऱ्या आजी-आजोबांना त्यांच्याच घरी बसून ऐकवावे. ते काही दुरुस्त्या सांगतील, मध्येच नवे नाव आठवेल. ते सारे तारखेसह स्वतंत्र नोंदवावे आणि पहिले सांगणे पुसू नये.