लेकराच्या डोळ्यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेताना
तिरळेपणाची शस्त्रक्रिया सुचवली गेली असेल, तर दुसरे मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अवमान होत नाही. त्यांच्याकडून तपासणीचे कागद मागून घ्यावेत आणि चष्म्याचा नंबर बाहुली मोठी करणारे औषध घालून काढला होता का, हे आवर्जून विचारावे, कारण त्या औषधाविना लहान मुलांचा नंबर अनेकदा चुकतो. बीडकडच्या पालकांनी अंबाजोगाईचे शासकीय रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी (तिथले शासकीय रुग्णालय) गाठण्यापूर्वी मुलांचे डोळे तपासणारे डॉक्टर कोणत्या वारी बसतात याची चौकशी करावी. फुकटची खेप टळते. कमजोर डोळ्याला काम करायला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली असेल, तर ती मधल्या काळात स्वतःहून बंद करू नये. फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी दिसत असेल, तर मात्र दोन मतांच्या फेऱ्यात न अडकता तातडीने नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, कारण ते डोळ्यातील कर्करोगाचेही लक्षण असू शकते.