प्रेस नोट पाठवायच्या आधी हे शब्द काढा

27 फेब्रुवारी जवळ आला की, म्हणजे आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांचा, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, माझ्याकडे तपासायला येणाऱ्या प्रेस नोटांचा ढीग लागतो. शाळा, वाचनालयं, मंडळं सगळ्यांच्या असतात, आणि बहुतेकांत हे वाक्य असतंच: "सदर कार्यक्रम मान्यवरांच्या शुभहस्ते मोठ्या उत्साहात संपन्न झाला, यावेळी नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते." मला याचा खरंच त्रास होतो, कारण पोरांनी कितीतरी दिवस तालीम केलेली असते आणि त्यातलं काहीच छापून येत नाही.

मी काय करतो सांगतो. एकेका शब्दाला प्रश्न विचारायचा. सदर म्हणजे कुठला? 'हा' लिहा. मान्यवर कोण? नाव आणि काम लिहा. संपन्न झाला म्हणजे झाला, फारतर पार पडला. मोठी संख्या म्हणजे किती, खुर्च्या मोजल्या असतील तर आकडा द्या नाहीतर सोडून द्या. आणि उत्साह म्हणजे नक्की काय झालं? एका शाळेच्या बाईंना मी फोन करून हेच विचारलं तर म्हणाल्या, अहो सातवीतली एक मुलगी कविता म्हणताना मधेच अडली, तर मागच्या रांगेतल्या पोरांनी पुढची ओळ एका सुरात म्हटली आणि मग ती रडत रडत हसली. म्हटलं बाई, हेच लिहा की! त्यांनी लिहिलं, आणि 'उत्साह' हा शब्द लागलाच नाही.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारा प्रकार म्हणजे 'करण्यात आले', 'करण्यात येणार आहे'. यात कोणी केलं तेच गायब होतं. आमच्या बिल्डिंगच्या बोर्डावर मागे नोटीस लागली होती, "टाकी स्वच्छतेचे काम हाती घेण्यात येणार असल्याने पाणीपुरवठा खंडित करण्यात येईल, याची सभासदांनी नोंद घ्यावी." खालच्या मजल्यावरच्या आजी दोनदा वाचून मला विचारतात, "अरे म्हणजे उद्या पाणी येणारे का नाही?" मी खाली पेनाने लिहिलं: उद्या टाकी धुणार, सकाळी 10 ते 4 पाणी येणार नाही, आज भरून ठेवा. तुमचं वाक्य अशा आजींना एका वाचनात कळतंय का ते बघा, यापेक्षा चांगली परीक्षा मला तरी सापडलेली नाही.

पावसाळ्यातल्या बातम्या घ्या. "धरणातून विसर्ग करण्यात आल्याने गोदामाई दुथडी भरून वाहू लागली असून जनजीवन विस्कळीत झाले आहे." हे कुठल्याही नदीला चिकटवा, चालतं, नुसतं नाव बदलायचं. आता हे वाचा: "गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि दुपारपर्यंत दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं." गोदाकाठच्या या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककराला लगेच कळतं पूर केवढा आहे आणि गाडी कुठून काढायची. क्युसेकचा आकडा दिलात तर एकदा उलगडून सांगा, 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर.

तसंच 'महत्त्वाची भूमिका बजावते'. द्राक्षं जिल्ह्याच्या अर्थकारणात भूमिका बजावत नाहीत हो, निफाड-दिंडोरीतली घरं द्राक्षांवर चालतात, तेच लिहा.

हिंदीतून आलेलं पण बघा. 'खूप सारे लोक' नाही, खूप लोक किंवा पुष्कळ लोक. 'माझी मदत कर' नाही, मला मदत कर. 'जसे की', 'कारण की' यातला 'की' काढला तरी काही बिघडत नाही. 'पुन्हा परत' मधला एक शब्द पुरतो.

आणि महत्त्व! महत् अधिक त्व, म्हणून त दोनदा. तत्त्व तसंच, तत् अधिक त्व. उज्ज्वल म्हणजे उत् अधिक ज्वल, म्हणून ज दोनदा. फोड लक्षात ठेवली की पाठ करायला लागत नाही.

इंग्रजी शब्दांवर मात्र माझा राग नाही. टेबल, पेपर, बस लिहा बिनधास्त. नवे मराठी शब्दही रुजतात, दिनांक आणि महापौर हे आपल्या भगूरच्या सावरकरांनी दिलेले, आज सगळे वापरतात. पण तारीख लिहिलीत तरी मी खोडणार नाही.

एक जागा सोडून द्यायची, ती म्हणजे दुसऱ्याचं बोलणं. अवतरणात असेल तर माणूस जसा बोलला तसंच राहू दे. रामकुंडावरचे एखादे आजोबा म्हणाले की "गंगेला पूर आला", तर तिथे गंगा खोडून गोदावरी करू नका, नाशिकचा जुना माणूस गंगाच म्हणतो.