सुपरहीरो मालिकेत गुप्त संघटना आणताय? या चुका टाळा

गोव्यात घडणारी सुपरहीरोची वेब सिरीज लिहायला घेतली की तिसऱ्या एपिसोडपर्यंत गुप्त संघटना हजर होतेच. पणजीच्या फोंतेन्हास वाड्यातलं जुनं घर, खाली तळघर, मेणबत्त्या, चारशे वर्षांची शपथ. दिसायला झकास, पण प्रेक्षकाला पटत नाही.

सगळ्यात मोठी चूक डोकी मोजण्याची. पोलीस, मंत्री, कॅसिनोवाले, बँकवाले, सगळेच एकेक करून संघटनेचे निघतात. डेव्हिड रॉबर्ट ग्राइम्स या भौतिकशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये गुपित किती टिकेल याचं गणित मांडलं. त्याच्या हिशेबाने गुपित पाच वर्षं टिकवायचं तर सामील माणसं साधारण अडीच हजारांच्या आत हवीत, शंभर वर्षं टिकवायचं तर १२५च्याही आत. गणितावर वाद घाला हवा तर, पण पात्रांची यादी छाटायला ते फार उपयोगी आहे.

मार्व्हलच्या ‘एजंट्स ऑफ शील्ड’ मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये हायड्रा ही शत्रू संघटना शील्ड या हेरसंस्थेच्याच पोटात दडलेली निघते. इमारत शील्डची, पगारही शील्डचा, म्हणजे लपायला वेगळा खर्च नाही. ही युक्ती पक्की. एवढी माणसं इतकी दशकं गप्प बसली हे मात्र केवळ कथेच्या वेगामुळे खपून जातं.

आपल्याकडचे दोन नमुने बघा. पिंटोंचा कट म्हणून ओळखला जाणारा पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा १७८७चा बेत कांदोळीत शिजला. त्यात पाद्रीही होते, लष्करातली माणसंही. उठाव होण्याआधीच तो फुटला आणि अनेकांना देहदंड झाला. याउलट वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या स्वातंत्र्यसैनिकांनी गोवामुक्तीसाठी नोव्हेंबर १९५५पासून डिसेंबर १९६१पर्यंत हद्दीवरच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला. आवाज लोकांना ऐकू येत होता, लपलेली होती ती जागा. संघटना अख्खी लपवण्यापेक्षा तिची एकच गोष्ट लपवा, पटकथेची निम्मी भोकं तिथेच बुजतात.

म्हणून मला तळघरापेक्षा कोमुनिदादसारखी, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावकरी संस्थेसारखी रचना जास्त भावते. सदस्यत्व बापाकडून मुलाकडे, ठरलेल्या बैठका, जुनी दप्तरं, आणि आत काय बोलणं झालं हे बाहेरचा कोणी विचारत नाही. गाव मात्र काल्पनिक घ्या. खऱ्या गावाचं नाव घातलंत तर भाटकारांपासून (जमीनदारांपासून) पंचापर्यंत सगळे भांडायला येतील!

गाव आंधळं समजणं ही दुसरी खोड. दिवाडी बेटावर मध्यरात्री बारा काळ्या गाड्या जमतात म्हणे. जातात कशा? फेरीबोटीतून? सकाळी पोदेराने पाव टाकेपर्यंत कुणाकडे कोण आलं होतं ते बेटभर झालेलं असतं. बैठक जत्रेच्या गर्दीत घ्या.

पैशाचं एका ओळीत: जमीन कुणाच्या नावावर आहे ते ठरवा, म्हणजे नायकाला पहिला धागा फॉर्म एक-चौदाच्या (गोव्यातल्या सातबाराच्या) उताऱ्यात सापडतो आणि त्याला उडावंही लागत नाही.

शूटिंग होऊन गेलं असेल आणि ‘अख्खं सरकार आमचं आहे’ हा संवाद पडद्यावर गेला असेल, तरी बिघडलं नाही. पुढच्या भागात कळू द्या की ती प्रमुखाची फुशारकी होती. त्याच्या हातात एक कारकून आणि एक निवृत्त फौजदार, बस्स. नायक मात्र पाच भाग त्या थापेला घाबरून एकाही पोलीस चौकीची पायरी चढलेला नाही.