लहान पबमध्ये डूम आणि स्लज मेटलची रात्र कशी भरवावी

नागपुरात अशी रात्र भरवू पाहणारे बहुतेक जण सुरुवातीला मोठ्या स्पीकरच्या शोधात निघतात. माझ्या मते ही दिशाच चुकीची आहे. डूम म्हणजे अतिशय संथ, खालच्या सुरांचे जड मेटल; त्यातले वजन आवाज वाढवल्याने येत नाही. खालचा स्वर पूर्ण उमटून विरेपर्यंत त्याला वेळ आणि जागा मिळाली, तरच ते येते. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोके बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात तुटली. पुढे तारांचा ताण हलका व्हावा म्हणून त्याने गिटारच्या तारा सैल करून तिचा सूर खाली उतरवला, आणि 1971 सालच्या तिसऱ्या अल्बममधील बऱ्याच गाण्यांत ती तीन अर्धस्वरांनी खाली लावलेली आहे. त्या उतरलेल्या, सैल तारेतून या संगीताचा नाद घडला. स्लज या डूममधूनच निघालेल्या शैलीने त्यात हार्डकोर पंकचा संताप आणि किंचाळता गळा मिसळला. मेल्विन्स या अमेरिकन बँडने दाखवलेली ही वाट न्यू ऑर्लिन्सच्या आयहेटगॉड आणि क्रोबार या बँडनी पक्की केली.

म्हणून जागा ठरवताना आधी छताकडे पाहावे. धरमपेठेत किंवा सदरमध्ये वरच्या मजल्यावरच्या पबचे छत साधारण दहा फुटांचे असले, तर जमीन आणि छत यांच्यामध्ये जवळपास 56 हर्ट्झला आवाज घुमतो. आणि गिटारची सर्वांत जाड तार खालच्या 'ए'पर्यंत उतरवली की तिचा स्वर 55 हर्ट्झचा असतो. याचा अर्थ असा, की बँडचा सर्वांत महत्त्वाचा स्वर त्या खोलीत इतर स्वरांपेक्षा कितीतरी मोठा ऐकू येतो आणि त्याखाली गायकाचा शब्द दबतो. साउंडचेकच्या, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाज-चाचणीच्या वेळी बासवादकाला एकेक स्वर सावकाश वाजवायला सांगून आपण स्वतः खोलीभर फिरावे, कोणत्या जागी स्वर फुगतो आणि कोणत्या जागी नाहीसा होतो ते खडूने जमिनीवर टिपावे आणि मिक्सरवर तेवढ्याच स्वराची पट्टी थोडी खाली घ्यावी. बास अँप (बासचा अँप्लिफायर) कोपऱ्यात कधीही ठेवू नये. दोन भिंती मिळून खालचा आवाज आणखी फुगवतात. बार खोलीच्या मागच्या भिंतीला असेल, तर तिथे उभे राहूनही ऐकावे, कारण मागच्या भिंतीलाही बास साचतो.

विजेकडे होणारे दुर्लक्ष महागात पडते. आमच्या पहिल्याच कार्यक्रमात गिटारचे अँप आणि बिअरचा फ्रीज एकाच सर्किटवर होते. गाण्यातल्या लांब शांततेत फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येई आणि पाठोपाठ घरघर सुरू होई. वेगवान मेटलमध्ये हे कोणाच्या लक्षातही आले नसते. इथे मात्र दोन ठोक्यांमधली शांतता हा गाण्याचाच भाग असतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि अँपसाठी फ्रीज व एसी नसलेली वेगळी लाइन मागावी.

वेळेचे गणित कागदावर मांडावे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर लाउडस्पीकरवर बंदी आहे. बंदिस्त जागांना काही सूट असली, तरी व्यापारी भागासाठी रात्रीची मर्यादा 55 डेसिबल आणि निवासी भागासाठी 45 डेसिबल आहे, आणि बास भिंतीतून शेजाऱ्यांच्या घरात सहज पोहोचतो. त्यामुळे 10च्या आत संपवणे हेच शहाणपणाचे. तीन बँड, प्रत्येकी 45 मिनिटे आणि मधे दोनदा 15 मिनिटे, असे धरले तर 7 वाजता सुरू झालेला कार्यक्रम पावणेदहाला संपतो. चौथा बँड घेऊ नये. दहा-बारा मिनिटांचे एकेक गाणे असलेल्या बँडला अर्ध्या तासात उरकायला लावणे हा त्या संगीतावर अन्याय आहे. ड्रमसेट आणि बासचे कॅबिनेट (स्पीकरची पेटी) तिन्ही बँडसाठी एकच ठेवावे, म्हणजे 15 मिनिटांत बदल होतो.

पोलिसांची परवानगी, संगीताच्या हक्कांचे परवाने आणि बारचा परवाना यांतले कोणते काम मालक पाहणार आणि कोणते आपण, हे त्याच्याकडून आधी लेखी घ्यावे. हिवाळी अधिवेशनाच्या काळात पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात, म्हणून डिसेंबर टाळून नोव्हेंबर किंवा जानेवारीतला शनिवार धरावा. मे महिन्याचा तर विचारही करू नये. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षे वय लागते, त्यामुळे दारावर ओळखपत्र तपासणारा माणूस हवाच.

बाहेरचा बँड बोलवायचा असेल, तर बंगळुरूच्या बेवार सी किंवा जिन अँड मिस्कॅटॉनिक यांची गाणी ऐकून सुरुवात करावी. बंगळुरूहून दिल्लीला जाणारी राजधानी नागपुरात थांबते आणि मुंबईहून रात्रीची दुरांतो आहे. वाद्ये ट्रेनने येणार असतील, तर बँडला आदल्या दिवशीच बोलवावे आणि सकाळी त्यांना तर्री-पोहे खाऊ घालावेत. संध्याकाळच्या साउंडचेकला उत्साह टिकतो.

प्रेक्षकांच्या कानांची जबाबदारी आपली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा जागांसाठी 15 मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबलची मर्यादा सुचवली. ध्वनिमापक मिक्सरशेजारी ठेवून ती पाळावी, आणि फोमचे इअरप्लग तिकिटासोबतच द्यावेत.

शेवटची सूचना बारच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. आमच्याकडे एकदा शेवटची तार छेडून गिटारवादकाने वाद्य अँपसमोर धरले होते, फीडबॅक, म्हणजे अँपमधून परत घुमणारा लांब स्वर, हळूहळू उतरत होता, मागे उभे असलेले तीस-चाळीस जण श्वास रोखून ऐकत होते, आणि तेवढ्यात कोणीतरी बारमागून चित्रपटगीत सुरू केले. म्हणून स्पीकरला जोडलेल्या मोबाइलची वायर 7 वाजताच काढून आपल्या खिशात ठेवावी आणि वादकाने अँपचा स्विच स्वतःच्या हाताने बंद केल्याशिवाय ती कोणालाही देऊ नये.