वनरक्षक, तलाठी आणि एक ओढा: पाण्याच्या प्रशिक्षणाला निघण्याआधी

मागच्या डिसेंबरात मी वनरक्षक, तलाठी, ग्रामसेवकांना पाणलोटाच्या कामाचं दिलेलं तीन दिवसांचं प्रशिक्षण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहालाच संपलं होतं. कागदोपत्री ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संपलं, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाले. पण खरं ते एका कोरड्या ओढ्यात संपलं. माथ्यावरून खाली उतरत आम्ही अनगड (न घडवलेल्या) दगडांचा, ओढ्यात आडवा रचायच्या बांधाची जागा बघत होतो. वनरक्षकाने त्याचा नकाशा उलगडला, तलाठी भाऊसाहेबांनी त्यांचा. एकात ओढ्याचं ते वळण वनखात्याच्या कक्षात, म्हणजे जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यात, दुसऱ्यात गायरानाच्या गटात. दोन तास त्यावर वाद झाला. सोबतचा मेंढपाळ शेवटी उठला, म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचं ठरेस्तोवर मेंढरांना पाणी पाजून येतो." तो गेला तो परत आलाच नाही, आणि त्या डोंगरातले पाझर फक्त त्यालाच ठाऊक होते.

चूक त्या दोघांची नाही, माझी. दोन्ही नकाशे एका मापात आणून, एकावर एक ठेवून न्यायचं काम माझं होतं. मी ते वेळेत केलं नाही. हायड्रोमार्कर (समपातळी काढायची पाण्याची नळी) नेला, टेप नेली, पंचवीस जणांच्या टोप्यासुद्धा नेल्या. यंदा पुन्हा जायचं आहे म्हणून हे लिहून ठेवतो. दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

आधी तारखा. सोयीच्या म्हणून मे महिन्यातल्या धरू नका. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वणव्याचा हंगाम, वनरक्षक तुमच्या वर्गात बसणार नाही, आणि बसला तर त्याचं लक्ष फोनवर. मार्चमध्ये तलाठी वसुलीत. पावसाळ्यात सगळेच पंचनाम्यात. उरतो दिवाळीनंतरचा ते जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ, तोही आचारसंहिता नसेल तर. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आठवड्यात ग्रामसेवकाला बोलावू नका. या काळाचा आणखी एक फायदा: ऑक्टोबरमधली विहिरींच्या पातळीची नोंद हातात आलेली असते आणि ओढ्यांना कुठे कुठे अजून ओल असते, त्यामुळे पाणी कुठून झिरपतं ते दाखवता येतं. सांगून ते कुणाला पटत नाही.

पत्रं. वनपरिक्षेत्र अधिकारी, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी, तिघांचीही हवीत, आणि तिघांवर तारीख एकच हवी. एका खात्याच्या पत्रावर दुसऱ्या खात्याचा माणूस येत नाही, आला तर दुपारी जातो. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी, तेव्हा पत्रात तेच लिहा. बोलताना सगळे भाऊसाहेबच.

आता नकाशा. घाई असेल तर बाकीचं सोडा, एवढं वाचा.

वनखात्याचे जुने कक्षनकाशे चार इंचाला एक मैल या मापाचे असतात, म्हणजे १:१५,८४०. गावनकाशा बऱ्याच ठिकाणी १:५,०००, पण जुन्या गावांचा वेगळा निघू शकतो, कोपऱ्यात लिहिलेलं माप वाचून घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट (चढउतार दाखवणारा नकाशा) १:५०,०००. तिन्हींत तोच ओढा, पण एकात बोटभर, एकात वीतभर. उन्हात, वाऱ्यात फडफडणारे हे कागद हातात धरून कोण बरोबर ते कुणालाच ठरवता येत नाही, मलाही आलं नाही. म्हणून सगळं १:१०,००० ला आणायचं: एक सेंटीमीटर म्हणजे शंभर मीटर, तोंडी हिशेब होतो. झेरॉक्सवाल्याला सांगायचं, वनखात्याचा नकाशा १५८ टक्क्यांवर, १:५,००० चा गावनकाशा ५० टक्क्यांवर. वनाचा नकाशा ट्रेसिंग पेपरवर काढून घ्या म्हणजे गावनकाशावर ठेवता येतो. यंत्र कागद किंचित ताणतं, म्हणून काढल्यावर मापपट्टी मोजून बघा. संगणकावर क्यूजीआयएस (नकाशे जुळवायचं सॉफ्टवेअर) चालवणारा पोरगा ओळखीत असेल तर उत्तमच, पण छापील प्रत तरी हातात हवीच, कारण डोंगरात रेंज नसते.

एकावर एक ठेवायचे तर जुळवायच्या खुणा हव्यात. रस्ता, विहीर यांच्यावर विसंबू नका, रस्ते सरकतात. वनहद्दीचे दगडी बुरूज घ्या, त्यांना क्रमांक असतात. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड घ्या. असे किमान तीन बिंदू आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन जीपीएसवर नोंदवून आणा, आणि जाताना वनरक्षक आणि कोतवाल दोघांनाही सोबत न्या. बुरूज ढासळलेला सापडेल, एखादा सापडणारच नाही, ते तेव्हाच कळलेलं बरं.

गावनकाशाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावी लागते. अर्ज, फी, "उद्या या" हे सगळं धरून महिनाभर आधी अर्ज टाका. मी आठ दिवस आधी टाकला होता. पुढचं वर सांगितलंच.

आणि हो, जुळवल्यावरही रेषा तंतोतंत बसणार नाहीत. दोन हद्दींच्या मधे एक पट्टी उरते, कधी तीस मीटरची, कधी दीडशेची. ती लाल पेन्सिलने रंगवून टाका आणि पहिल्याच सत्रात भिंतीवर लावा: ही वादाची पट्टी, हिचा निकाल संयुक्त मोजणीत लागेल, वर्गात नाही. प्रात्यक्षिकाची जागा या पट्टीच्या बाहेरच निवडा. एवढं केलं असतं तर माझा मेंढपाळ निघून गेला नसता.

नकाशा घेतला? मग पुढे.

विहीर मोजायची टेप, टोकाला वजन बांधलेली. हे सगळ्यांना येतं असं वाटतं, पण येत नाही. पातळी जमिनीपासून लिहायची असते आणि लोक कठड्यापासून मोजतात. कठडा सव्वा मीटरचा असेल तर तेवढी वजावट करायची. मोजायची जागा ऑइलपेंटने रंगवून ठेवा, दर वेळी तिथूनच. सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी मोजायचं, नाहीतर तुम्ही उपसा मोजता, पातळी नाही. वनरक्षक विचारेल, विहिरीचं मला काय. त्याला सांगा, तुझ्या कक्षात पाणी मुरवायला खणलेल्या चरांनी काही केलं की नाही याचा पुरावा खालच्या विहिरीतच मिळतो, दुसरीकडे कुठे नाही.

विहिरीतच खडकही दाखवा. राज्याचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्टचा, आणि बेसाल्ट म्हणजे सगळीकडे सारखा काळा दगड ही समजूत काढायला उघड्या विहिरीसारखा फळा नाही. वर मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊसर खडक), मधे एखादा लाल मातीचा पट्टा, खाली काळा पाषाण. पाणी नेमकं कुठून ठिपकतं ते दिसतं. पाषाणावर शेकडो चर खणले तर पाणी तिथेच वाळून जाईल, हे इथे उभं राहून एका मिनिटात कळतं. भिंतपत्रक लावून माझा अर्धा तास गेला होता.

हायड्रोमार्कर. नळीत बुडबुडा राहिला की समपातळी चुकते, आणि चुकलेली समपातळी म्हणजे चर नाही, घळ. नळी उंचावर ठेवलेल्या बादलीतून, एकच टोक बुडवून, सावकाश भरायची. पारदर्शक नसेल तर टाकून द्या. एक जादा नळी न्या, कोणीतरी तिच्यावर पाय देतोच. ए-फ्रेमही चालते, दोन बांबू, एक आडवी काठी, एक ओळंबा, आणि ती गावात नंतरही राहते.

हिशेब आकड्यांत करून घ्या, भाषणात नको. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर म्हणजे १०,००० लिटर. शंभर हेक्टरचा पाणलोट, चारशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे ४० कोटी लिटर, टीसीएममध्ये (हजार घनमीटरमध्ये) चारशे. साठ सेंटीमीटर रुंद, तीस सेंटीमीटर खोल चर म्हणजे मीटरला १८० लिटर. मग त्यांनाच विचारा, किती मीटर लागतील, आणि चर एका पावसाळ्यात किती वेळा भरेल. कॅल्क्युलेटर हातात घेऊन खाली माना घातलेले दोन्ही खात्यांचे लोक हे मी पाहिलेलं पहिलं शांत सत्र. पाण्याचा ताळेबंद शिकवताना हिवरे बाजारचं उदाहरण द्याच, तिथे दर वर्षी पावसाच्या आकड्यावरून पीक ठरतं. पण गाव तसं का झालं हे सांगताना शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत हा ग्रामसभेचा नियम गाळू नका. सोयीचं तेवढं सांगणारे प्रशिक्षक खूप आहेत.

एक सूचना वनरक्षकांकडून आली आणि मला ती मान्य आहे. माळावरचं चांगलं गवत हे पडीक नव्हे. तिथे चर मारायचे नसतात, गवत पाणी धरतंच आणि लांडगे, चिंकारा त्याच्या आधाराने जगतात. गायरानावर काय करायचं ते गुराख्यांना विचारल्याशिवाय ठरवूच नका. जेसीबी वनहद्दीत नेण्याआधी लेखी परवानगी. तोंडी चालत नाही.

माणसं. एक मेंढपाळ, एखादी म्हातारी जी हंडा घेऊन चाळीस वर्षं त्याच झऱ्यावर जात होती. त्यांना मानधन द्या, चहावर भागवू नका. आणि त्यांना शेवटच्या सत्रात नाही, पहिल्या सकाळी बोलवा, नकाशा पसरलेला असताना. झरा कुठे ते त्यांनी बोट ठेवून दाखवायचं, तुम्ही तिथे लिहायचं. हद्दीचं भांडण सुरू व्हायच्या आत.

तिसरा दिवस: देखभाल. गाळ कोण काढणार, फुटलेला बांध कोण बांधणार, नाव लिहून घ्या, खातं नको. मे महिन्यातल्या विहिरीच्या पातळ्या कोण पाठवणार, तेही नाव. फॉर्म भरून घ्या, बस भरून जायच्या आधी.

जेवण, पाणी, औषधपेटी, सतरंज्या, चादरी, मार्कर, सह्यांचा कागद, बाकी तुम्हाला माहीत आहे. नकाशाच्या दोन प्रती, एक नळकांड्यात, एक सपाट, सपाट ती गाडीत पुढच्या सीटवर. टोप्या यंदा नेत नाही.