पहिले 60 फूट : सुपरचार्ज्ड गाडी ड्रॅग स्ट्रिपवर नेणाऱ्या नवख्यांसाठी

सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं, बेल्टवर फिरणारं यंत्र) लावलेली गाडी घेऊन ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर, यायला लागलेली मंडळी सगळ्यात आधी पुलीबद्दल, म्हणजे सुपरचार्जर फिरवणाऱ्या बेल्टच्या चाकाबद्दल, विचारतात. लहान पुली टाकली तर बूस्ट (हवेचा जादा दाब) किती वाढेल, पाव मैलाची वेळ किती उतरेल? मी त्यांच्याकडे आधी टाइमस्लिप, म्हणजे फेरीनंतर मिळणारा वेळांचा कागद, मागतो. बहुतेक वेळा उत्तर त्या कागदावरच असतं आणि त्याचा पुलीशी काही संबंध नसतो.

पाव मैल म्हणजे 1,320 फूट, साधारण 402 मीटर. स्लिपवर 60, 330, 660, 1,000 आणि 1,320 फुटांच्या वेळा येतात. शेवटचा वेग म्हणजे ट्रॅप स्पीड, तो शेवटच्या 66 फुटांत मोजतात. रिॲक्शन टाइम यात धरत नाहीत. घड्याळ हिरव्या दिव्यावर सुरू होत नाही, तुमचं पुढचं चाक स्टेजचा, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरचा, प्रकाशकिरण सोडतं तेव्हा सुरू होतं. म्हणून शिकायच्या काळात दिव्याशी शर्यत लावू नका. हिरवा लागल्यावर एक श्वास घेऊन निघालात तरी वेळ तीच येते, आणि सगळं लक्ष पायांवर ठेवता येतं.

आता गुणाकार करा: एकूण वेळ सेकंदांत, ट्रॅप स्पीड ताशी मैलांत. ताकद नीट जमिनीवर उतरली, तर हा गुणाकार 1,363 च्या आसपास येतो. वेळ आणि वेग दोन्ही वजन आणि ताकदीच्या गुणोत्तराच्या घनमुळावर चालतात, एक सरळ आणि दुसरा व्यस्त. त्यामुळे गाडी हलकी असो वा जड, गुणाकार फारसा हलत नाही. माझी गाडी मागच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल गिअरबॉक्सची, रूट्स पद्धतीच्या सुपरचार्जरची. सुरुवातीला ती 113 मैलांच्या ट्रॅपवर 13.1 सेकंद द्यायची. गुणाकार 1,480. म्हणजे इंजिन बाराच्या जरा वरच्या वेळेचं होतं आणि जवळजवळ एक सेकंद रेषेपाशीच वाया जात होता. 60 फुटांची वेळ होती 2.3. ती 1.9 वर आली तेव्हा एकूण वेळ 12.3 झाली, आणि ट्रॅप स्पीड तेवढाच राहिला. पुली तीच, मॅप (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग) तोच.

60 फुटांत वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटी दीड ते दोन दहावे भाग होऊन मिळतो. कारण सरळ आहे: तिथे मिळवलेला वेग पुढचं सगळं अंतर तुमच्यासोबत असतो.

सुपरचार्जर कोणत्या जातीचा आहे, यावर सुटण्याची पद्धत ठरते. रूट्स आणि ट्विन-स्क्रू खालच्या आरपीएमलाच भरपूर बूस्ट देतात. थ्रॉटल उघडलं की बायपास व्हॉल्व्ह मिटतो आणि टॉर्क एकदम अंगावर येतो. सेंट्रिफ्यूगलचं बूस्ट आरपीएमसोबत चढत जातं. तो रेषेवर मवाळ असतो, पण पहिल्या गिअरच्या शेवटी किंवा दुसरा टाकताक्षणी टायर सोडतो. तेव्हा मित्राच्या सेंट्रिफ्यूगल गाडीचा लॉन्च आरपीएम, म्हणजे सुटतानाचा आरपीएम, आपल्या रूट्सवर उचलू नका.

टायरवर खर्च करा, हे मी ठामपणे सांगतो. रोजच्या टायरवर सुपरचार्ज्ड गाडीचं 60 फुटांचं काम एका मर्यादेपलीकडे जात नाही. ड्रॅग रेडियल, म्हणजे स्ट्रिपसाठीचे जास्त पकडीचे टायर, घातले की पहिल्याच दिवशी फरक दिसतो. मात्र हवा किती ठेवायची हे दुसऱ्याला विचारून ठरवू नका. ड्रॅग रेडियलसाठी बरेच जण 16 ते 20 पीएसआयमध्ये खेळतात. साध्या टायरची हवा इतकी उतरवायची नसते, कारण त्याचा मधला भाग वर उचलला जातो आणि कडांवरच भार येतो. मी बर्नआउटनंतर, म्हणजे सुटण्याआधी टायर जागीच फिरवून तापवल्यावर, जमिनीवर उमटलेले पट्टे बघतो. पट्टा मध्ये काळा आणि कडांना फिका असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा गडद आणि मध्ये फिका असेल तर हवा कमी. पूर्ण रुंदीवर एकसारखा रंग येईपर्यंत एकेक पीएसआय हलवायचं. दोन्ही टायर एकाच तापमानाला मोजायचे, उन्हात उभ्या गाडीची एक बाजू नेहमी जास्त दाखवते.

बर्नआउट म्हणजे धुराचं प्रदर्शन नाही. ड्रॅग रेडियलला थोडी उष्णता लागते: रेषेमागे टायर भिजवायला ठेवलेल्या पाण्याच्या जरा पुढे येऊन टायर फिरवा, हलका धूर दिसला की थांबा. नक्षी असलेल्या साध्या टायरला पाण्यात नेऊच नका. खाचांत पाणी अडकतं आणि नेमकं स्टेजवर ठिबकतं, तुमच्यासाठी आणि मागून येणाऱ्यासाठीही. पाण्याला वळसा घालून या, कोरड्यावर चाकं एकदा फिरवून खडे झटका, बास.

आता पाय. टायर अगदी थोडा घसरत असतो तेव्हाच त्याची पकड सर्वाधिक असते. ती हद्द ओलांडून तो मोकळा फिरू लागला की पकड झपाट्याने पडते. म्हणून क्लच एकदम सोडून देणं आणि जपून, रखडत सोडणं, दोन्ही चुकतं. मी स्टेजमध्ये आल्यावर क्लच पकडतो त्या जागेपर्यंत पाय आणून ठेवतो. गाडीचं नाक किंचित हलतं, ती ती जागा. आरपीएम स्थिर, हात स्टिअरिंगवर सैल. निघताना क्लच पहिल्या गाडीभर अंतरात हाफ क्लचवरून पूर्ण सुटतो, आणि तो सुटत असताना उजवा पाय खाली जात राहतो. पूर्ण थ्रॉटल मिळतो तेव्हा गाडी दोन-तीन गाडीभर पुढे गेलेली असते. बरोबर जमलं की टायर खालच्या पट्टीत घुमतो. किंचाळला तर पाय थोडा उचलायचा. पूर्ण उचलला तर वजन पुढे येतं आणि मागची पकड आणखी जाते. आधी कमी आरपीएमवर, नुसती न घसरता निघणारी गाडी साधा, मग 200-200 ने वर जा. टू-स्टेप लिमिटर (सुटण्याआधी आरपीएम ठरलेल्या आकड्यावर अडवणारी यंत्रणा) असेल तर आरपीएम रोज एकसारखा मिळतो, शिकणाऱ्याला त्याचा मोठा आधार आहे. ऑटोमॅटिकवाल्यांनी ब्रेक धरून आरपीएम चढवताना टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल तापतं हे ध्यानात ठेवावं: चढवा, निघा, तिथे रेंगाळू नका.

रेषेवर गाडी मागे का बसते याचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. वजन गुणिले प्रवेग गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर). 1,600 किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर वर, व्हीलबेस 2.7 मीटर, प्रवेग 0.7 जी धरला, तर सुमारे 207 किलो वजन पुढून मागच्या चाकांवर जातं. हे वजन तुम्हाला हवंय. पुढचे शॉक ॲब्सॉर्बर उघडताना सैल ठेवले की नाक सहज उचलतं. पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) स्ट्रिपपुरता सोडून ठेवला तरी मदत होते, मात्र घरी निघण्याआधी तो परत जोडायचा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हेच 207 किलो चालवणाऱ्या चाकांवरून निघून जातं, त्यामुळे तिथे गणित उलटं: मागचं बसणं अडवायचं.

मागच्या चाकांची धडधड, म्हणजे व्हील हॉप, सुरू झाली तर त्याच क्षणी पाय काढा. टायर पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो, आणि प्रत्येक पकडीचा धक्का एक्सल आणि डिफरन्शिअलवर बसतो. एक्सल तुटण्याची बहुतेक कहाणी इथूनच सुरू होते. उपाय बूस्टमध्ये नसतो. सस्पेन्शनच्या सांध्यांतले दमलेले रबरी बुश बदला, कंट्रोल आर्म तपासा.

उष्णतेकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. सुपरचार्जर हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, आणि लागोपाठ फेऱ्या मारल्या की ती हवा थंड करणारा इंटरकूलरही तापून बसतो. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतःच इग्निशन टायमिंग मागे घेतो आणि ताकद कमी होते. ओळखायची खूण: 60 फुटांची वेळ तीच, पण ट्रॅप स्पीड फेरीगणिक उतरतोय. बोनेट उघडा, इंजिन बंद करून कूलंट पंप चालू राहत असेल तर राहू द्या, पाण्याच्या इंटरकूलरला टाकी असेल तर बर्फ घाला. स्टेजवर जाण्याआधी इनटेक हवेचं तापमान बघून स्लिपच्या मागे लिहून ठेवा. त्याच्याशिवाय दोन फेऱ्यांची तुलना फसवी निघते. लिहिताना टायरची हवा आणि लॉन्च आरपीएमही लिहा, आणि एका फेरीत एकच गोष्ट बदला.

हे सगळं स्ट्रिपवर. वेळ उतरू लागली की नियम बदलतात: एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांत 13.99 आणि त्याखालच्या वेळेला मान्यताप्राप्त हेल्मेट सक्तीचं आहे. पुढच्या टप्प्यांवर ड्राइव्हशाफ्ट लूप (तुटलेला ड्राइव्हशाफ्ट खाली पडू न देणारी कडी) आणि रोल बार (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी नळी) हेही येतात. वेळ कमी येईल अशी शंका असेल तर आधीच तयारी करून जा.

आणि पुली? गुणाकार 1,390 च्या खाली येऊन तिथे टिकला, की मगच. तेव्हा ताकद वाढवायला अर्थ असतो, कारण ती उतरवण्याची जागा तुम्ही तयार केलेली असते. पुलीसोबत बेल्ट घसरतोय का हे बघा, इंधनाचा पुरवठा तपासून घ्या, मॅप नव्याने करून घ्या, आणि लॉन्च आरपीएम पुन्हा खालून सुरू करा.